चेहऱ्यावर वयाची पहिली चाहूल

गेल्या फेब्रुवारीत लखनौला मावसबहिणीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. भावजींची नाशिकजवळच्या ओझरहून तिकडच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बदली झाली, त्याला आता सहा वर्षे होतील. इंदिरानगरात त्यांचे घर आहे. चारबाग स्टेशनवर उतरायचे, मेट्रोत बसायचे आणि भूतनाथ मार्केटला उतरले की ताईचे घर पायी दहा मिनिटांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गच्चीवर उन्हात बसून मटार सोलत होतो. इकडच्या थंडीत ऊन खात बसणे हा घरोघरचा नेम. बोलता बोलता ताईने एकदम विचारले, "खरं सांग, माझा चेहरा खूप उतरलाय का गं?"

दिवाळीत नाशिकला एका साखरपुड्यात नात्यातल्या एका काकू तिला सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "लखनौचं पाणी मानवलेलं दिसत नाही. एकदम पोक्त दिसायला लागलीस!" ताई तेव्हा हसली, पण घरी आल्यावर आरशापुढे उभी राहिली. गालांवर तपकिरी डाग, डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा, ओठांभोवती काळसरपणा. वय अवघे एकोणचाळीस.

"मग काही केलंस का?" मी विचारले. ती खाली गेली आणि एक छोटी ट्यूब घेऊन आली. शेजारणीने सुचवली, औषधाच्या दुकानात सहज मिळाली. "पंधरा दिवसांत चेहरा काचेसारखा झाला बघ. पण चार दिवस लावली नाही की आग होते, लाल होतो. म्हणून तीन महिने रोज लावतेय."

ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायला मला चष्मा पुसावा लागला. त्यात तीन औषधे होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. तिसरे नाव स्टेरॉइडचे. आणि खाली छापले होते, 'केवळ नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विक्रीसाठी'.

त्याच संध्याकाळी आम्ही एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. तिथे जे समजले, आणि परत आल्यावर जे वाचले, विचारले, ते या वेळी वाचकांपुढे ठेवते आहे. कारण ताईसारखी ट्यूब किती घरांतल्या आरशामागे असेल, कोण जाणे!

वय आधी कुठे दिसते?

वय दिसणे म्हणजे सुरकुत्या, असे आपल्याला वाटते. गोऱ्या कातडीच्या लोकांत ते बरेचसे खरे आहे. आपली त्वचा मात्र वेगळी. तिच्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असते आणि ते उन्हापासून काही प्रमाणात संरक्षण देते. त्यामुळे आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात. पण रंगाचा घोटाळा आधी सुरू होतो. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर वांग येते. डोळ्यांखाली काळे दिसू लागते. चेहऱ्याचा रंग एकसारखा राहत नाही. काहींच्या गालांवर व मानेवर तिळासारखे बारीक उंचवटे येतात. ते सहसा निरुपद्रवी असतात.

त्यानंतरच्या खुणा म्हणजे त्वचा कोरडी व निस्तेज दिसणे, रंध्रे मोठी वाटणे, हसल्यावर पडलेल्या रेषा हसू मावळल्यावरही तशाच राहणे. मान आणि हातांची मागची बाजू तर चेहऱ्याच्याही आधी वय सांगते, कारण तिकडे आपले लक्षच नसते.

हे का होते? त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. कोलॅजेनमुळे त्वचा भरलेली राहते, इलॅस्टिनमुळे ताणल्यावर पुन्हा जागेवर येते. विशी सरता सरता हे तंतू तयार होण्याचा वेग मंदावतो. पाळी जाण्याच्या सुमारास ही घट एकदम वाढते. हा झाला निसर्गाचा भाग. तो कोणालाच चुकत नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही.

खरा चोर ऊन

पण सगळा दोष वयाचा नसतो. डॉक्टरबाईंनी ताईला एक सोपी गोष्ट करायला सांगितली. "दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा पाहा आणि आता मनगटावरची पाहा." दोन्ही एकाच बाईची, एकाच वयाची. दंडाची आतली बाजू मऊ, एका रंगाची; मनगटावरची काळवंडलेली, खरखरीत, रेषा पडलेली. मधला फरक वयाचा नव्हे, उन्हाचा. आपणही हे आत्ता करून पाहा.

उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारचे. 'बी' किरणांनी त्वचा भाजते, लाल होते. ते दुपारी तीव्र असतात आणि काच त्यांना बव्हंशी अडवते. 'ए' किरण भाजत नाहीत, म्हणून कळत नाहीत. पण ते खोल जातात आणि कोलॅजेनचे तंतू तोडतात. ते ढगांतून येतात, खिडकीच्या साध्या काचेतूनही येतात. २०१२ साली अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या माणसाचे छायाचित्र छापून आले होते. त्याने २८ वर्षे मालमोटार चालवली होती. तिकडे चालक डावीकडे बसतो. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली होती आणि उजवी बरीच तरुण! एकाच माणसाच्या चेहऱ्यावर दोन वये.

म्हणजे थंडीत गच्चीवर मटार सोलतानाही त्वचेवर मारा चालूच असतो. ऊन कोवळे वाटते, म्हणून आपण दोन-दोन तास बसतो. ऊन हवे असेल तर जरूर बसावे, पण हातपाय उन्हात आणि चेहरा सावलीत ठेवून.

उन्हाच्या जोडीला धूर आणि धूळ येते. जर्मनीत ४०० वृद्ध स्त्रियांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. वाहनांच्या धुराशी ज्यांचा अधिक संबंध आला, त्यांच्या कपाळावर व गालांवर डाग अधिक आढळले. धूम्रपानाने त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ओठांभोवती रेषा पडतात. अपुरी झोप आणि सततची काळजी यांचीही भर पडते.

पंधरा दिवसांची चमक

आता ताईच्या ट्यूबकडे वळू. त्यातली तिन्ही औषधे वाईट नाहीत. वांगावर डॉक्टर ती ठराविक आठवडे, देखरेखीखाली देतातही. घोळ होतो तो आपण त्यांचे रोजचे क्रीम करतो तेव्हा.

स्टेरॉइडने आधी चेहरा उजळतो, मुरुमे बसतात, म्हणून आपण खूश होतो. पण काही आठवड्यांत त्वचा पातळ होऊ लागते. गालांवर लाल बारीक रक्तवाहिन्या दिसतात, बारीक पुळ्या येतात, लव वाढते, ऊन सोसेनासे होते. लावणे थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा लावले जाते आणि त्वचेला जणू त्याचे व्यसन लागते. वय लपवायला आणलेले औषध त्वचेला अकाली म्हातारी करते. आपल्या देशात हा प्रकार इतका वाढला, की त्वचारोगतज्ज्ञांनी 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' असे त्याला स्वतंत्र नावच दिले. त्यांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. नियम आहे, पण आपण मागितले नाही तरच तो खऱ्या अर्थाने पाळला जाईल.

म्हणून ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ती स्वतःच्या मनाने चेहऱ्याला लावू नये. आधीच बरेच दिवस लावत असाल, तर झटक्यात बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. ते हळूहळू कमी करून सोडवतात.

याहून गंभीर धोका बिननावाच्या गोरेपणाच्या क्रीमचा. काहींत पारा असतो. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर घाला घालतो. केरळात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतील १५ जणांत त्या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम लावणारे निघाले. आपल्या विदर्भातही ब्युटी पार्लरमधून आणलेल्या क्रीममुळे एकाच घरातल्या बायकांची मूत्रपिंडे बिघडल्याची बातमी २०२३ साली आली होती. डब्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि मुदतीची तारीख नसेल, तर ते क्रीम कितीही 'हर्बल' म्हणून दिले तरी घरात आणू नये. चेहऱ्यावर लावायचे क्रीम आणि पायावर सूज, असे कोणाला झाले तर लगेच लघवीची तपासणी करून घ्यावी.

मग करावे तरी काय?

डॉक्टरबाईंनी ताईला जो दिनक्रम दिला, तो इतका साधा होता की ताईचा विश्वासच बसेना. "एवढंच?" असे तिने दोनदा विचारले. तो असा :

सकाळी सौम्य फेसवॉश किंवा साध्या पाण्याने चेहरा धुवावा. खसाखसा पुसू नये, टिपावा. त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. साधे, सुवास नसलेले, ग्लिसरीन असलेले चालते. महागच हवे असे नाही.

त्यावर सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक आणि 'पीए'पुढे तीन तरी अधिक चिन्हे असलेले घ्यावे. एसपीएफ हा आकडा मुख्यतः 'बी' किरणांचा आणि 'पीए' हे 'ए' किरणांचे माप. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के 'बी' किरण अडवते. म्हणजे फार मोठ्या आकड्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. महत्त्व आहे ते पुरेसे लावण्याला. तर्जनी आणि मधले बोट यांवर टोकापासून बुडापर्यंत दोन रेघा ओढाव्यात, तेवढे चेहऱ्याला आणि मानेला लागते. आपण बहुतेक जणी याच्या निम्मेही लावत नाही. बाहेर फिरत असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. हातांची मागची बाजू विसरू नये. ज्यांना वांग आहे त्यांनी लोहाचे ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन निवडल्यास अधिक उपयोग होतो.

याचा उपयोग खरोखर होतो का? ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. रोज नियमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा, मन मानेल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी होत्या. असा भक्कम पुरावा फार थोड्या प्रसाधनांच्या पाठीशी आहे.

रात्री चेहरा धुऊन पुन्हा मॉइश्चरायझर. तिशी उलटल्यावर रेषा आणि डाग यांसाठी रेटिनॉल किंवा डॉक्टरांनी दिलेले ट्रेटिनॉइन वापरता येते. 'अ' जीवनसत्त्वाच्या या कुळातली औषधे कोलॅजेन वाढवतात. परंतु सुरुवात आठवड्यातून दोनच रात्री, वाटाण्याएवढ्या थेंबाने करावी. आधी थोडी साले निघतात, कोरडे वाटते. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदरपणात किंवा त्या बेतात असताना मात्र ही औषधे अजिबात लावू नयेत.

अंगाच्या त्वचेकडेही पाहावे. लखनौच्या जानेवारीत बादलीभर कढत पाण्याने अंघोळ आणि नंतर हीटरसमोर बसणे, यांनी त्वचा तडकते. पाणी कोमट असावे, अंघोळ थोडक्यात आटपावी आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा लोशन लावावे. आपले खोबरेल अंगाला उत्तम. ज्यांना मुरुमे येतात त्यांनी मात्र ते चेहऱ्याला लावू नये. तिकडे मोहरीचे तेल चोळण्याची पद्धत आहे. पण नाजूक त्वचेला ते झोंबते.

ओढणी आणि स्कार्फ

सगळ्यात स्वस्त सनस्क्रीन म्हणजे कापड. पुण्याच्या मुली स्कूटरवर स्कार्फ गुंडाळून जातात, त्यांची आपण थट्टा करतो. पण त्यांचे बरोबर आहे. लखनौच्या मुलीही ओढणी तशीच घट्ट बांधतात. फक्त एवढे लक्षात ठेवावे की, चिकनकारीचा पांढरा तलम मलमली कुर्ता हवेशीर असला तरी त्यातून किरण बरेच आत जातात. कापड उजेडासमोर धरावे. पलीकडचे जितके दिसते, तितके ऊनही आत येते. घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड अधिक चांगले. मेच्या लूमध्ये तर अकरा ते चार बाहेर पडणेच टाळावे. छत्री घेण्यात संकोच कसला?

स्वयंपाकघरातले उपाय

बेसन, साय, हळद यांचे उटणे आपल्या दोन्हीकडचे. कधीमधी हलक्या हाताने लावायला हरकत नाही. साईने त्वचा मऊ होते. मुलतानी माती तेलकट त्वचेला बरी, पण कोरड्या त्वचेला ती आणखी कोरडी करते आणि कोरडेपणात रेषा ठळक दिसतात. लिंबू मात्र चेहऱ्यावर चोळू नये. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडतात. खायचा सोडा आणि टूथपेस्ट यांचेही तेच.

कोरफडीबद्दल ताईने मुद्दाम विचारले, कारण इंदिरानगरपासून जवळच, कुकरैलच्या वनाकडे, औषधी व सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणारी 'सीमॅप' ही केंद्रीय संस्था आहे आणि त्या भागात अशा रोपांची सगळ्यांनाच आवड. कोरफडीच्या गराने गारवा मिळतो, ओलावा टिकतो. पानातला पिवळा चीक मात्र खाजवतो, तो निथळून टाकावा. सुरकुत्या तिने जातील अशी आशा धरू नये.

आवळा, पेरू, संत्री, पालेभाज्या, डाळी, मूठभर शेंगदाणे हे पोटात जाऊ द्यावे. चेहऱ्यावर चोळण्यापेक्षा त्यांचा उपयोग तिथे अधिक होतो.

काही खुणा वयाच्या नसतात

मानेवर, काखेत काळी, जाडसर, मखमलीसारखी त्वचा दिसू लागली तर ती मळ समजून घासू नये. शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. रक्तातली साखर तपासावी. चेहरा फिकट, निस्तेज आणि दम लागत असेल तर हिमोग्लोबिन पाहावे. त्वचा फार कोरडी होऊन केस गळत असतील, वजन वाढत असेल तर थायरॉइडची तपासणी करावी. एखादा तीळ आकार किंवा रंग बदलू लागला, जखम महिनाभर भरेना, तर लगेच दाखवावे. त्यासाठी महागड्या दवाखान्यातच जावे असे नाही. लखनौत किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ, मुंबईत केईएम, पुण्यात ससून अशा सरकारी व पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत.

आरशामागची दुसरी ट्यूब

निघण्याच्या आदल्या रात्री एक गोष्ट कळली. ताईची मुलगी दहावीत आहे. आम्ही ट्यूब फेकून दिली तेव्हा ती गप्प झाली. मग हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, आईची ट्यूब मी पण लावते. दोन महिने झाले. मैत्रिणी म्हणतात मी काळी आहे." पंधरा वर्षांची पोर! ताईच्या डोळ्यांत पाणी आले. स्वतःचा चेहरा बिघडला तेव्हा ती रडली नव्हती.

साखरपुड्यातल्या काकूंनी एक वाक्य सहज टाकले आणि ते आईच्या मनातून लेकीच्या चेहऱ्यापर्यंत पोचले. आपण घरात रंगाबद्दल, वयाबद्दल जे बोलतो, ते मुली ऐकत असतात. 'वाळलीस', 'काळवंडलीस', 'वय दिसायला लागलं' ही वाक्ये आपण प्रेमानेच म्हणतो. पण ती ऐकणारी औषधाच्या दुकानात जाते, हे लक्षात ठेवायला हवे.

जूनमध्ये ताईने मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पेटी पाठवली आणि फोन केला. दोघींचीही आग थांबली होती. लेकीचा चेहरा जवळजवळ पूर्ववत झाला. ताईचे डाग फिके झाले, गेले नाहीत. डोळ्यांच्या कडेच्या रेषाही आहेत तिथेच आहेत. "आणि परवा काकूंचा फोन आला होता," ती हसत म्हणाली. "मी त्यांना सांगितलं, काकू, चाळिशी आलीय माझी, दिसणारच की! पण तुम्ही सनस्क्रीन लावता ना?"

तेव्हा आज एवढे कराच. आपल्या आरशामागच्या ट्यूबा खाली काढा, चष्मा लावा आणि त्यांवरची बारीक अक्षरे एकदा वाचा. घरात मुलगी असेल, तर तिला शेजारी बसवून वाचा.